डाव्या बाह्या

"मॅडम, तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं भांडण झालं, तर आधी कोण बोलतं?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो सानिया मुजावरच्या डोक्यातून निघाला, पूनम जानकरने त्यात 'मिस्टरांचं' घातलं आणि विचारायची हिंमत वर्गात फक्त तेजश्री खटावकरमध्ये आहे, असं दोघींनी मला न विचारता ठरवून टाकलं. पैज दाबेलीची होती. दाबेलीसाठी मी त्या काळी मुख्याध्यापकांनाही काहीही विचारलं असतं.

दोन वर्षं झाली याला. आम्ही दहावीत होतो, संक्रांत नुकतीच झाली होती आणि विट्यात इतकी थंडी पडली होती की चित्रकलेच्या वर्गात आम्ही सगळ्या पोरी एकमेकींना चिकटून बसलो होतो. समोर पुण्याहून आलेल्या डॉक्टर केळुसकर मॅडम. डॉक्टर म्हणजे इंजेक्शनवाल्या नव्हेत, मानसशास्त्राच्या. सुती साडी, साडीखाली पळायचे बूट, आणि बोलता बोलता टेबलावर चक्क मांडी घालून बसल्या. आमच्या वर्गशिक्षिका तेव्हापासून खिडकीबाहेरच बघत होत्या.

मॅडम सांगत होत्या, की जी माणसं एका घरात राहतात आणि कामही एकत्रच करतात, त्यांच्यावर त्यांचं संशोधन चालू आहे. नवरा-बायको मिळून दुकान चालवतात, भाऊ-भाऊ मिळून गॅरेज चालवतात. घरचा राग कामावर कसा येतो, कामावरचा शीण घरी कसा जातो, आणि एवढं असूनही काही जणांचं मस्त कसं चालतं. मग त्यांनी "काही शंका?" म्हटलं, पूनमने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं आणि मी उभी राहिले.

प्रश्न ऐकून वर्गात असा हशा झाला की वर्गशिक्षिकांनी खिडकी सोडली. "खटावकर, बस खाली."

"थांबा थांबा, चांगला प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "माझं लग्न झालेलं नाही. पण माझ्याबरोबर काम करणारे एक सर आहेत. आमची खोली एक, चहाची किटली एक. भांडण झालं की आधी ते बोलतात."

"का?"

"किटली माझ्या टेबलावर असते." परत हशा. मग त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "आणि तुमच्या घरी? आधी कोण बोलतं?"

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"आई-पप्पा बोलत नाहीत ना, मॅडम. दोघांच्या वतीने मीच बोलते. तीन वर्षं झाली."

मी हे विनोद म्हणूनच सांगितलं होतं, आणि विनोद झालाही. सानिया तर बाकावर डोकं ठेवून हसत होती. केळुसकर मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "तास झाल्यावर मला भेट," एवढंच म्हणाल्या.

आता आमच्या दुकानाविषयी सांगायला हवं. खटावकर टेलर्स. बसस्टँडच्या मागे एक गाळा. पुढे पप्पांचं कटिंगचं टेबल, मागे आईचं मशीन, आणि मध्ये चार हातांची जागा. त्या चार हातांत माझं स्टूल. शाळा सुटली की मी त्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे आणि निरोप पोचवायचे.

"तुझ्या आईला सांग, कॉलरचं कॅनव्हास संपलंय."

"आई, कॅनव्हास संपलंय."

"तुझ्या पप्पांना सांग, मला ऐकू येतं."

"पप्पा, तिला ऐकू येतं."

"मग तिला म्हणावं, ऐकू येतं तर आणून ठेवायचं."

हे दिवसभर. गिऱ्हाइकांनाही इतकी सवय झाली होती की पप्पा समोर उभे असताना लोक मलाच विचारायचे, "तेजू, मास्तरांना विचार गं, माझी पँट झाली का?" त्या आठवड्यात संक्रांतीचा तिळगूळसुद्धा माझ्याच हातून गेला. पप्पांनी वडी माझ्या तळव्यावर ठेवली, मी मागे नेली; आईने तिची वडी ठेवली, मी पुढे आणली. गोड बोलायचं ते दोन्हीकडे मीच बोलले.

भांडण काय होतं? बाह्यांचं. खरंच, बाह्यांचं.

मी सातवीत असताना एका शाळेच्या बॅण्डपथकाची ऑर्डर आली होती. लांब बाह्यांचे लाल शर्ट, कापड एका बाजूने चमकणारं, दुसऱ्या बाजूने साधं. असं कापड कापताना तोंडाला तोंड लावून ठेवायचं असतं, म्हणजे एका कापात एक डावी बाही निघते आणि एक उजवी. हे आमच्या दुकानातल्या मांजरालाही माहीत असेल. पण पप्पांनी त्या दिवशी, का कुणास ठाऊक, सगळी थप्पी चमकती बाजू वर करून लावली आणि कापून टाकली. सगळ्याच्या सगळ्या बाह्या डाव्या.

आईने एक बाही शर्टाला लावली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी उचलली, ठेवली. आणि दुकानात शाळेचे सर, चहावाला आणि माझी आत्या असे सगळे बसलेले असताना म्हणाली, "मास्तर, या पथकातली सगळी पोरं डावखुरी आहेत का हो?"

चहावाल्याच्या हातातले कप हलले, इतका तो हसला. आत्या हसली. सर हसले. पप्पा कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. "मग तूच काप."

आईने कापल्या. उरलेल्या तुकड्यांना काखेत बसेल असा जोड देऊन तिने उजव्या बाह्या काढल्या, आणि एकही शर्ट परत आला नाही. मला वाटतं, पप्पांना हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. पुढे कितीतरी दिवस स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना 'डावी बाही' म्हणून हाक मारायचे. त्या दिवसापासून पप्पा आईशी बोलेनात, आणि मग आईही पप्पांशी बोलेना.

म्हणून मी. आणि मी या कामात एकदम पटाईत झाले होते, कारण मी निरोप जसाच्या तसा कधीच देत नसे. पप्पा म्हणायचे, "तिला सांग, जमत नसेल तर मशीन बंद कर म्हणावं." मी मागे जाऊन आईच्या कानाशी हळूच म्हणायचे, "आई, पप्पा म्हणतात, दमली असशील तर राहू दे." आईचा पायडलवरचा पाय थांबायचा. ती मान मोडायची, पाणी प्यायची आणि मग काही वेळाने परत सुरू करायची. आई म्हणायची, "त्यांना सांग, चष्मा लावा, रेघ वाकडी यायला लागलीय." मी पुढे जाऊन सांगायचे, "पप्पा, आई विचारते, डोळे दुखतात का? उजेडात बसा म्हणते." थोड्या वेळाने पप्पांचं स्टूल दाराकडे सरकलेलं असायचं.

मशीनच्या आवाजात कुणाला काय कळणार होतं? माझ्या या हुशारीवर मी स्वतःच खूश असायचे. सानिया म्हणायची, "तेजे, तू दिल्लीला पाहिजेस. दोन देशांच्या मध्ये बसवतील तुला."

तास संपल्यावर मी केळुसकर मॅडमना भेटले. शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्या शेंगदाण्याचा लाडू खात होत्या. अर्धा मला दिला. मी त्यांना वरचं सगळं सांगितलं, बाह्यांसकट. निरोप बदलायचं तंत्रही सांगितलं, जरा मिरवतच.

"दहावीनंतर काय करणार?" त्यांनी मध्येच विचारलं.

"इथलंच कॉलेज. कॉमर्स."

"आवडतं?"

"नाही. पण मी बाहेर गेले तर दुकान कसं चालणार?"

"तू शिवतेस?"

"छे. मला काजसुद्धा येत नाही. मी बोलते ना."

मॅडम लाडू खायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माणसं अशी का वागतात, हे शिकायला आवडेल तुला?"

"म्हणजे तुमच्यासारखं? ते डॉक्टर झाल्यावर शिकतात ना?"

"अकरावीपासून शिकवतात. आर्ट्सला. कोल्हापुरात तर नक्कीच."

अकरावीपासून. म्हणजे पुढच्याच वर्षी. कुणीतरी माझ्या पाठीत हवा भरल्यासारखं वाटलं मला. भूगोलाच्या पुस्तकात वारे कसे वाहतात ते देतात, विज्ञानाच्या पुस्तकात बेडकाच्या पोटात काय असतं ते देतात, पण माझे आई-पप्पा चार हातांवर बसून तीन वर्षं का बोलत नाहीत, यावरही कुठेतरी पुस्तक होतं, तास होता, परीक्षा होती. त्या रात्री मला कोल्हापूर दिसत राहिलं. आणि प्रत्येक वेळी कोल्हापूर दिसलं की पाठोपाठ माझं रिकामं स्टूल दिसायचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गप्प बसलेली दोन माणसं. मी गेले तर पप्पा कॅनव्हास कुणाकडे मागणार? आई चष्म्याचं कुणाला सांगणार? त्यांची भांडणंसुद्धा माझ्याशिवाय झाली नसती.

टाकीपाशीच मॅडमनी हेही सांगितलं होतं, की रविवारी त्या शाळेत काही जोड्यांना बोलावणार आहेत. त्यांना मदतीला एक मुलगी हवी होती, पडदा सरकवायला आणि चित्रं मांडायला. "अट एकच," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या माणसाने तोंड उघडायचं नाही. हुं नाही की चूं नाही."

"मला जमेल, मॅडम."

माझ्यासाठी मागे थांबलेल्या सानिया आणि पूनम भिंतीला टेकून हसल्या. पूनम म्हणाली, "जमलं तर माझ्याकडून दोन दाबेल्या."

"आणि तुझ्या आई-पप्पांना आणशील?" मॅडमनी विचारलं. "जबरदस्ती नको. त्यांना यावंसं वाटलं तरच."

ते काम माझ्या डाव्या हातचं होतं. मी पप्पांना सांगितलं, "आई यायला तयार आहे, पण म्हणते, मास्तर येणार असतील तर." पप्पा कापड झटकत होते, थांबले. "अशी म्हणाली?" मी मान हलवली. मग मागे गेले. "आई, पप्पा म्हणतात, ती आली तर मी येतो." आईने दोरा दाताने तोडला. "असं म्हणाले?" आणि तिने मशीनवरून माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, पकडले गेले. पण ती एवढंच म्हणाली, "मग मोरपंखी साडीला इस्त्री करून ठेव."

रविवारी पप्पा स्कूटरवरून आले आणि आई माझ्याबरोबर चालत आली. पप्पांनी बारीक चौकटीचा शर्ट घातला होता, आईनेच शिवलेला. व्हरांड्यात दोघं दोन टोकांच्या दोन खुर्च्यांवर बसले आणि एकाच झाडाकडे बघत राहिले.

चित्रकलेच्या वर्गात मॅडमनी दोरीवर हिरवा पडदा टांगला होता. पडद्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं. एका टेबलावर चित्रं ओळीने मांडलेली. कसली म्हणून विचाराल तर कसलीच नाहीत, नुसते वेडेवाकडे काळे आकार. दुसऱ्या टेबलावर तीच चित्रं विस्कटलेली, आणि त्यात एक मुद्दाम जास्तीचं. एकाने आपलं चित्र कसं आहे ते नुसतं बोलून सांगायचं, दुसऱ्याने त्याच ओळीत लावायचं. बघायचं नाही, दाखवायचं नाही. मी पडद्याच्या कडेला बसायचे, मला दोन्ही टेबलं दिसायची. गप्प राहता यावं म्हणून सानियाने एक युक्ती सांगितली होती, ती मी मॅडमना विचारून अमलात आणली. प्रत्येक जोडी आत आली की मी पाण्याचा एक मोठा घोट तोंडात धरून बसायचे.

पहिल्यांदा पिठाच्या गिरणीवाले जगदाळे आणि जगदाळे काकू आले. दोघं पडद्याच्या अलीकडे-पलीकडे हातभर अंतरावर बसले आणि ओरडायला लागले. "वर टोक आहे!" "कुठे?" "वर!" जन्मभर गिरणीच्या आवाजात बोललेली माणसं ती, त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. शिपाईमामा काय झालं म्हणून धावत आले. माझ्या तोंडातलं पाणी तेव्हाच सांडायचं, पण मी ते निभावलं.

आणखी दोन-तीन जोड्या झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "खटावकर ताई, खटावकर दादा, या."

ओळीने मांडलेली चित्रं आईसमोर होती, विस्कटलेली पप्पांसमोर. मी पडदा ओढला, घोट भरला आणि बसले. मॅडम भिंतीकडे जाऊन उभ्या राहिल्या. "करा सुरू. वेळेचं बंधन नाही."

 मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. आई पहिल्या चित्राकडे बघत होती. पप्पा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, कापड बघताना फिरवतात तसा. मग आई माझ्याकडे वळली.

"तुझ्या पप्पांना सांग..."

मी माझ्या फुगलेल्या गालांकडे बोट दाखवलं.

"ताई, तेजू नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांनाच सांगा."

आईने पदर सारखा केला. सारखाच होता, तरी परत केला. मग हिरव्या पडद्याकडे बघून म्हणाली, "पहिलं. मुंढ्यासारखं आहे. खोल काढलेला."

पप्पांचा हात सरळ एका चित्रावर गेला. शोधलं नाही, गेलाच. काखेजवळचा बाहीचा घेर म्हणजे मुंढा, आणि ते चित्र अगदी तसंच होतं. मला इतका वेळ ते फक्त डाग वाटलं होतं.

"परकराची कळी. अरुंद बाजू वर."

हात गेला.

"कफ. उघडा. बटणाची बाजू तुमच्याकडे."

तुमच्याकडे. तीन वर्षांत आई पप्पांना 'तुमच्याकडे' म्हणाली नव्हती.  पप्पांनी कफ लावला आणि घसा खाकरून म्हणाले, "पुढचं?"

"लहान पोराची चड्डी, एकच पाय."

"हां. पुढचं?"

"कॉलर. टोकं खाली. नाही नाही, ती गोल नव्हे, दुसरी."

"दुसरीच घेतलीय."

"बरं."

बाकीच्या जोड्या डोंगर म्हणत होत्या, कुत्र्याचं तोंड म्हणत होत्या, भांडत होत्या. माझे आई-पप्पा मात्र एक मापं सांगत होती आणि एक कापत होते. भराभर. दोघांचे आवाजसुद्धा बदलले होते, दिवाळीच्या आधी ऑर्डरींचा ढीग पडायचा आणि मी लहान असताना टेबलाखाली झोपायचे, तेव्हाचे आवाज. मला उठून वर्गभर नाचावंसं वाटत होतं. तोंडात पाणी होतं म्हणून बसले.

"शेवटचं?" पप्पा म्हणाले.

आई थांबली. मी वाकून तिच्या टेबलावर बघितलं, आणि मग पप्पांच्या. तिच्यासमोर एक चित्र उरलं होतं. पप्पांसमोर दोन. आणि ती दोन एकमेकांची आरशातली रूपं होती. एक डावी बाही, एक उजवी बाही.

"बाही आहे," आई हळू म्हणाली.

"हं."

पप्पांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की कुठल्या हाताची. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. कान लाल व्हायला लागले होते. आणि आईला फक्त 'डाव्या' म्हणायचं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तो शब्द तिने एकदा चारचौघांत वापरला होता, आता ती तो परत तोंडातून काढणार नव्हती, हे मला तिच्या मानेवरूनच कळलं. मैदानावर कुणीतरी आउट झालं, आरडाओरडा झाला, थांबला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या, डोळ्यांची पापणी हलेना. मी मध्ये असते तर आत्तापर्यंत काहीतरी गोड बनवून दोन्हीकडे सांगून टाकलं असतं. पाणी कोमट झालं होतं. मला वाटलं, आता दोघं उठणार, दोन दिशांनी दुकानात जाणार, आणि माझं स्टूल माझी वाट बघत बसणार, अकरावीला, बारावीला, कायमचं.

"नंदा," पप्पा म्हणाले.

आईचं नाव. मी ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं जवळजवळ विसरले होते.

"दमली असशील तर राहू दे."

माझं अर्धं पाणी घशात गेलं आणि अर्धं नाकातून बाहेर आलं. मी खोकले, शिंकले, ड्रेसवर सगळं सांडलं. माझ्याकडे कुणीही बघितलं नाही.

आई पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "हे तुमचं, की तेजूचं?"

"तेजूचंच."

"तुम्हाला काय माहीत ती मला काय सांगते?"

"चार हातांवर तर बसतो," पप्पा म्हणाले. "मला ऐकू येतं."

मी खोकायचं थांबले.

"मग कधी म्हणाला का नाहीत, की मी असं बोललोच नाही म्हणून?"

पप्पा टेबलावरून अंगठा फिरवत राहिले. "तू मशीन थांबवायचीस ना जरा. पाणी प्यायचीस. मग म्हटलं, असू दे. सांगते तर सांगू दे." मग म्हणाले, "तुलाही ऐकू येत असेल की, ती मला काय सांगायची ते."

"उजेडात बसा म्हणायची."

"हं."

"मी म्हणाले नव्हते."

"माहितीये."

"तरी सरकायचात दाराकडे."

"तर काय," पप्पा म्हणाले.

आईने पदराच्या टोकाने नाक पुसलं. मला वाटलं रडते, पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. मग शेवटचं चित्र तिने बोटाने जरा सरळ केलं आणि म्हणाली, "डाव्या हाताची आहे."

"असणारच." पप्पांनी चित्र उचलून ओळीत लावलं. "तेव्हाही सगळ्या डाव्याच होत्या. मीच लावली होती थप्पी."

"पण कापल्या होत्यात सुरेख," आई म्हणाली. "काठ बघून मला दुसऱ्या कापायचा जीव होत नव्हता."

मॅडमनी मला खूण केली. मी पडदा सरकवला. ओळ बरोबर होती, शेवटच्या बाहीपर्यंत. पण आई-पप्पा चित्रांकडे बघतच नव्हते.

मी मॅडमच्या मागोमाग बाहेर व्हरांड्यात आले, ओल्या ड्रेसने थरथरत. "मॅडम, त्यांना सगळं ऐकू येत होतं. पहिल्यापासून. दोघांनाही."

"हो ना."

"मग मी मध्ये कशाला होते?"

"ते मला नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "एका पडद्याच्या खेळावरून एवढं कळत नाही, आणि कळलं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. माणसं अडली की काय करतात, तेवढंच मी बघते. पुढचं शोधायला फार वेळ लागतो."

"किती?"

"मी अजून शोधतेय." त्यांनी रुमाल काढून माझ्या हातात दिला. "आणि तू तोंड उघडलं नाहीस. पाणी सांडलंस, ते मी धरत नाही."

दोन दाबेल्या. पूनम फाटकाबाहेर उभी असणार होती, पण मला त्या क्षणी दाबेली आठवलीही नाही.

पायऱ्यांवर आई चपला घालत होती. पप्पा स्कूटरची किल्ली बोटात फिरवत खाली उभे होते. मला बघून सवयीने म्हणाले, "तेजू, तुझ्या आईला सांग, स्कूटरवर..."

थांबले. आई एक पाय चपलेत घालून तशीच उभी राहिली.

"बसणार का?" पप्पा तिला म्हणाले.

"आणि तेजू?"

"तिघं मावतो की."

"वाटेत पोलिसांनी धरलं तर?"

"त्यांच्याशी तेजू बोलेल. वेगळं काय सांगायचं, ते तिला बरोबर जमतं."

आणि दोघं हसले. माझ्यावर. एकत्र. मला राग यायला हवा होता, पण रागाला जागाच नव्हती. आमच्या घरात कुठलीही गोष्ट सांगायची तर ती आधी एकाला, मग दुसऱ्याला, आणि प्रत्येकाला सोसेल अशी करून. मी तशीच सुरुवात करणार होते. पप्पांना बाजूला घ्यायचं, आईला रात्री भांडी घासताना गाठायचं. मग मी दोन पायऱ्या उतरले आणि अशा जागी उभी राहिले, की दोघांना माझं तोंड दिसेल.

"तुम्ही दोघं जा स्कूटरवर, मी चालत येते," मी म्हणाले. "पण आधी दोघांनी एकदम ऐका. दहावी झाली की मी कोल्हापूरला जाणार आहे. अकरावीला आर्ट्स घेणार, त्यात मानसशास्त्र, आणि हॉस्टेलवर राहणार. हे कुणाचं सांगणं नाही, माझं आहे. यातला एकही शब्द मी बदललेला नाही."